सात लिटरचं एलएस७ की सुपरचार्जरवालं एलएसए? ट्रॅकसाठी मसल कार घेताना

अमेरिकेत रेस ट्रॅकवर चालवायला सेकंड-हँड मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची ताकदवान गाडी, शोधणारा माणूस बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी अडतो. कॅमॅरो या गाडीच्या पाचव्या पिढीत शेव्हरोलेने दोन टोकांची इंजिनं दिली. झेडएल१ या मॉडेलमध्ये ६.२ लिटरचं, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवलेलं एलएसए, ५८० हॉर्सपॉवरचं. आणि २०१४ साली आलेल्या झेड/२८ मध्ये सुपरचार्जर नसलेलं ७ लिटरचं एलएस७, ५०५ हॉर्सपॉवरचं. गंमत म्हणजे ७५ हॉर्सपॉवर कमी असलेली गाडी नवी असताना साधारण वीस हजार डॉलरनी महाग होती. कागदावर हा सौदा कुणालाच पटणार नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडी खरोखर ट्रॅकवर पळवणार असाल तर एलएस७ घ्या.

कारण उष्णता. सुपरचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ती थंड करायला एलएसएवर पाण्याचा इंटरकूलर आहे. रस्त्यावर चार-पाच सेकंद ॲक्सिलरेटर दाबला की काम संपतं, मग त्या पाण्याला निवायला भरपूर वेळ मिळतो. ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सत्रात तो वेळ मिळत नाही. पाणी तापतं, आत जाणारी हवा तापते, मग इंजिन वाचवण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे खेचतो आणि ताकद उतरते. पहिल्या लॅपला मिळालेले ५८० घोडे उन्हाळ्याच्या दुपारी सहाव्या लॅपला तेवढेच असतील, याची खात्री देता येत नाही. एलएस७ मध्ये ही साखळीच नाही. तेही तापतं, पण त्याचा शेवटचा लॅप पहिल्याच्या बराच जवळ राहतो, आणि चालकाला शिकायचं असेल तर गाडीचा असा सारखेपणा फार मोलाचा.

दुसरं कारण वजन. झेड/२८ ही झेडएल१ पेक्षा सुमारे १३६ किलोने हलकी. त्यातला मोठा वाटा आतलं सामान काढून टाकल्याचा आहे. एसीसुद्धा त्या गाडीत जादा पैसे देऊन घ्यावा लागे. पण सुपरचार्जर आणि त्याची थंड करण्याची यंत्रणा गेल्याने पुढच्या चाकांवरचं ओझंही उतरलं. वळणात नाक आत खेचताना हे हातांना लगेच जाणवतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण त्यावर बोललं जातं फार कमी. ते म्हणजे तेल. एलएस७ ला ड्राय संप आहे. तेल इंजिनाखालच्या तबकात न राहता वेगळ्या टाकीत राहतं, त्यामुळे लांब वळणात ते एका बाजूला सरकून पंप कोरडा पडण्याचा धोका कमी. झेड/२८ वळणात १ जीच्या, म्हणजे गाडीच्या वजनाएवढ्या बाजूच्या ओढीच्या, पुढे जाते. एवढ्या पकडीच्या गाडीत ही चैन नव्हे, गरज आहे. एलएसएला साधाच संप आहे.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर झेडएल१ ची एका लॅपची वेळ ७ मिनिटं ४१.२७ सेकंद. झेड/२८ ची, ट्रॅकचा काही भाग ओला असताना, ७:३७.४७. याचं श्रेय एकट्या इंजिनाला देणं चूक ठरेल. कार्बन-सिरॅमिक ब्रेक, मल्टिमॅटिक कंपनीचे डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) आणि चारही चाकांना ३०५ मिलिमीटर रुंदीचे पिरेली ट्रोफेओ आर टायर, हे सगळं त्यात आलं. पण कमी ताकदीचं इंजिन आड आलं नाही, हे तर दिसतंच. झेड/२८ या नावाचा मूळ स्वभावही हाच. १९६७ मध्ये ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ५ लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून ३०२ घनइंचांचं इंजिन बनवलं गेलं, तेव्हा त्याच कॅमॅरोत ३९६ घनइंचांचं मोठं इंजिनही मिळत होतं.

आता एलएस७ ची दुखरी बाजू. त्याच्या सिलिंडर हेडमधले व्हॉल्व्ह गाइड (ज्या नळीत व्हॉल्व्ह वरखाली सरकतो ती) वेळेआधी झिजण्याची तक्रार हेच इंजिन असलेल्या कॉर्व्हेट झेड०६ च्या काळापासूनची आहे. गाइड झिजला की व्हॉल्व्ह डगमगतो. तो तुटून आत पडला, तर अख्खं इंजिन हातचं जातं. म्हणून बरेच मालक हेड काढून नवे गाइड बसवून घेतात. हा खर्च किमतीत धरूनच हिशेब करा. एलएसए या बाबतीत निर्धास्त आहे. शिवाय बायको-मुलांना घेऊन फिरायचं, रोज ऑफिसला जायचं आणि वर्षातून दोनदा ट्रॅकवर, असा बेत असेल तर झेडएल१ च घ्यावी. तिथे चुंबकीय सस्पेन्शन आहे, हवा तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि हायवेवर तो ७५४ न्यूटन-मीटरचा टॉर्क (ओढण्याचा जोर) मन भरून टाकतो.

फोर्डचे चाहते इथे मस्टँग जीटी३५० चं नाव घेतील, आणि ते योग्यच आहे. ५.२ लिटर, फ्लॅट-प्लेन क्रँकशाफ्ट (इंजिनाला झपाट्याने वरच्या आरपीएमला जाऊ देणारी रचना), ५२६ हॉर्सपॉवर आणि ८,२५० आरपीएमची मर्यादा. आवाजात एलएस७ तिच्यापुढे फिकं पडतं. मात्र तिचा टॉर्क ५८२ न्यूटन-मीटर, तर झेड/२८ चा ६५२. एलएस७ खालच्या आरपीएमलाही वळणातून ओढून बाहेर काढतं, फोर्डच्या इंजिनाला गिअर बदलून वरच ठेवावं लागतं. काहींना त्यातच मजा येते. २०१६ ची जीटी३५० पाहत असाल तर ट्रॅक पॅकेज आहे का, हे विचारा. ते नसलेल्या गाड्यांना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर नव्हते.

बजेट आखडतं असेल तर २०१७ पासूनची कॅमॅरो एसएस १एलई. ४५५ हॉर्सपॉवरचं एलटी१, कूलर सगळे कारखान्यातूनच, आणि नवी असताना किंमत झेड/२८ पेक्षा कितीतरी कमी. पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला मी हीच सुचवेन.

झेड/२८ बघायला जाल तेव्हा हेडच्या कामाची पावती मागा, नसेल तर विकत घेण्याआधी गाइड मोजून घ्या. सिरॅमिक डिस्कची झीज तपासायला लावा, त्या बदलणं फार महाग पडतं. आणि आकाश भरून आलं असेल तर ओल्या रस्त्यावर पकड सोडणाऱ्या त्या ट्रोफेओ टायरवर गाडी स्वतः चालवत घरी आणू नका, ट्रेलर बोलवा.