नौपाड्यातलं प्रसूती क्लिनिक: इथे प्रश्नाला उत्तर मिळतं

22वा आठवडा चालू आहे. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या या डॉक्टरबाईंकडे मी सुरुवातीपासून जाते. पहिल्या वेळी दुसरीकडे नाव घातलं होतं. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, तर "गरोदरपणात एवढं चालायचंच" म्हणून परत पाठवलं. चार दिवसांनी बीपी 160/110, लघवीतून प्रोटीन, आणि 32व्या आठवड्यात सिझर. मुलगी 1400 ग्रॅमची, तीन आठवडे काचेच्या पेटीत. या वेळी मी धास्तावूनच आले होते.

बाईंनी जुनी फाइल पानन्‌पान वाचली. 12व्या आठवड्यात अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली. घरी बीपी मोजून वहीत लिहायचं, 140/90 दिसलं तर रात्रीसुद्धा फोन करायचा.

मागच्या मंगळवारी मी त्यांना याच आजारावरच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी चढतं त्या प्रीएक्लॅम्प्सियावरच्या, नव्या इंजेक्शनची बातमी दाखवली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायकेल मिचेल यांच्या गटाचं संशोधन, 2024च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये आलेलं. विचारलं, हे इंजेक्शन मला मिळेल का? बाईंनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून वार काढली आणि तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या. "या रुंद व्हायला हव्या होत्या, तुझ्या झाल्या नाहीत. वारेला रक्त पुरलं नाही, म्हणून तुझं बीपी चढलं." औषध म्हणजे कोविडच्या एमआरएनए लशीत होते तसे चरबीचे अतिसूक्ष्म कण, आणि त्या कणांच्या आत रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन बनवायची चिठ्ठी. एरवी हे कण यकृतातच जाऊन बसतात. मिचेल यांच्या गटाने कणांचे 98 प्रकार करून पाहिले, तेव्हा वारेपर्यंत नीट पोचणारा सापडला. एका इंजेक्शनवर गाभण उंदरिणींचं बीपी शेवटपर्यंत ताब्यात राहिलं. "पण उंदरीण 20 दिवसांत विते, तुला 40 आठवडे काढायचेत. सध्या तुझ्यासाठी गोळी आणि वहीच."

मला तिथेच रडू आलं. चार वर्षं वाटत होतं, मी लोणचं-पापड खाल्ले म्हणून झालं. घरातही तेच बोललं जायचं. तो कागद मी घरी सासूबाईंना दाखवला.

गैरसोय आहेच. सहाची वेळ दिली तर आत जाईपर्यंत पावणेआठ होतात. खुर्च्या सहाच, दुसरा मजला, लिफ्ट नाही. फी 700, रिपोर्ट दाखवायचे वेगळे पैसे नाहीत. शनिवारी सकाळी गर्दी कमी असते, जड पोटाने जाणाऱ्यांनी तेव्हाच नंबर लावा.