राहायला मँचेस्टर की लिव्हरपूल?

इंग्लंडमधल्या या दोन शहरांत अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण चुरस जुनी. लिव्हरपूलच्या बंदरात कापूस उतरायचा, मँचेस्टरच्या गिरण्यांत त्याचं सूत व्हायचं; १८३० साली दोघांना जोडणारी रेल्वेही धावली. पुढे बंदराचे दर डाचू लागले, तेव्हा मँचेस्टरने लिव्हरपूलजवळच्या मर्सी नदीच्या खाडीपर्यंत ५८ किलोमीटरचा कालवाच खोदला. १८९४ पासून मोठी जहाजं लिव्हरपूलला वगळून थेट आत येऊ लागली. ती अढी आजही फुटबॉलच्या मैदानात दिसते.

राहायचं म्हटलं तर नोकऱ्या मँचेस्टरमध्ये जास्त, ट्रामचं जाळं चांगलं, मोठा विमानतळही तिथेच. घरभाडं मात्र जड जातं. लिव्हरपूलमध्ये ते कमी आहे, आणि संध्याकाळी जुन्या गोद्यांवरून खारा वारा घेत चालता येतं. पगार थोडा कमी मिळाला तरी मी तो नदीकाठच निवडेन.