भिगवणची चिलापी, तिथे खाल्ली आणि घरीपण आणली

पुणे-सोलापूर रोडला भिगवणात एका साध्या खानावळीत जेवलो, शेजारीच त्यांचं मासळीचं दुकान आहे. उजनी धरणातली चिलापी (तिलापिया मासा), गलफडं लालभडक, बोटानं दाबलं तर मांस लगेच वर येत होतं. बाबांना डॉक्टरांनी तेलकट कमी करून प्रोटीन वाढवायला सांगितलंय, म्हणून फ्राय नको म्हटलं तर काकूंनी हळद आणि आलं-लसूण लावून तव्यावर चमचाभर तेलात भाजून दिली, भाकरीबरोबर खूपच छान लागली. कच्च्या 100 ग्रॅम चिलापीत साधारण 20 ग्रॅम प्रोटीन असतं आणि फॅट 2 ग्रॅमच्या आत, शिवाय बी12 आणि सेलेनियम. हां, ओमेगा-3 बांगडा-तारलीइतकं नाही मिळत, ते हवं तर समुद्राचीच मासळी. रस्सा मात्र नाही आवडला, वर तेलाचा जाड तवंग होता, बाबांना दिलाच नाही. येताना दोन किलो साफ करून घेतली, खवले नीट काढलेले पण पोटातला काळा पापुद्रा तसाच, तो घरी काढत बसावं लागलं नाहीतर कडवट लागतं. बर्फ भरपूर दिला, पुण्याला पोचेपर्यंत मासे एकदम थंडगार होते.