कलेन कॅसल (स्कॉटलंड): तलवारी नंतर बघा, आधी जिना

लेकीकडे ग्लासगोला गेलो होतो तेव्हाचं हे, आता सोलापुरात मे महिन्यात पंख्याखाली बसून लिहितोय त्यामुळे तिकडच्या गार वाऱ्याचं कौतुक जरा जास्त होईल, सांभाळून घ्या.

आधी नाव. स्पेलिंगमध्ये मधेच झेड आहे म्हणून मी अख्ख्या बसमध्ये कुल्झियन कुल्झियन करत होतो, शेवटी जावई हळूच म्हणाला, बाबा, कलेन म्हणतात. आणि नावात कॅसल असलं तरी आपल्या भुईकोटासारखं काही डोक्यात धरून जाऊ नका. केनेडी घराण्याची जुनी गढी होती, ती पोटात तशीच ठेवून रॉबर्ट ॲडम नावाच्या आर्किटेक्टने १७७७ ते १७९२ मध्ये तिचा बंगला केला, तोही समुद्राच्या कड्यावर. बाहेरून बुरूज, किल्ल्याचा थाट, आत पाऊल टाकलं की फिक्या रंगांची छतं आणि प्लास्टरची इतकी नाजूक नक्षी की बस्स. आमच्या सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवनाची नक्षी बघत बघत टॅक्सच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे मी, तरी तोंड उघडं राहिलं.

दारातच भिंतभर पिस्तुलं नि तलवारी गोल गोल मांडल्यात, सगळे तिथेच फोटो काढत अडकतात. तुम्ही पुढे व्हा. दोन्हीकडची बांधकामं झाल्यावर मधे एक अंधारी जागा उरली होती, तिथे ॲडमने लंबगोल जिना बसवला, वरून काचेतून उजेड खाली येतो. खरी गंमत खांबांत आहे. रीत अशी की गुंडाळीच्या डोक्याचे आयोनिक खांब खाली आणि पानांच्या नक्षीचे कोरिंथियन वर, या पठ्ठ्याने उलटं केलं, भारी नक्षीचे खाली, साधे वर. मला तर जिना आहे त्यापेक्षा उंच वाटला. आमची ही कठडा धरून मान दुखेपर्यंत वर बघत उभी.

वरचा गोल दिवाणखाना म्हणजे खिडकीत थेट समुद्र, हवा साफ असेल तर लांब एल्सा क्रेग बेटही दिसतं. १९४५ मध्ये केनेडींनी हे सगळं नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला (जुन्या वास्तू सांभाळणारी तिकडची संस्था) दिलं तेव्हा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरला हयातभर वापरायला ठेवला, दुसऱ्या महायुद्धातल्या कामाची आठवण म्हणून. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असतानाही तो येऊन राहिलाय तिथे!

बाग अर्धीच झाली. घराच्या पायथ्याशी कारंज्याचं अंगण आहे, तिथल्या बाकावर शेंगाचटणी-भाकरी सोडली, भाकरी इतकी कडक की शेजारची गोरी आजी आवाजाने वळून बघायला लागली, दिली मग तिलाही तुकडा. भिंतीआडची बाग पळत पळत बघितली आणि हंसांचा तलाव राहूनच गेला, कारण आमच्या टूरवाल्याने (नाव नको) मोजून दीड तास दिलेला आणि हा सगळा परिसर २५० हेक्टरच्या वर, सांगा कसं जमणार? स्वतःच्या गाडीने जा, दिवस काढून जा, स्वेटर घ्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा टूरवाल्याचा कापलाय, कॅसलचा नाही.