मॉडिफाय केलेलं .२२ स्पोर्ट पिस्तूल: आठ महिने, साडेपाच हजार गोळ्या आणि अडकणाऱ्या पुंगळ्या

पिस्तूल .२२ लाँग रायफल या काडतुसाचं, पाच गोळ्यांच्या मॅगझिनचं, पंचवीस मीटरच्या स्पर्धांसाठीचं, युरोपियन बनावटीचं. मूळ पिस्तुलात चार बदल: हलकी रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी), बोल्टच्या, म्हणजे नळीमागे सरकणाऱ्या भागाच्या, मागे पॉलियुरेथेनचा बफर (धक्का झेलणारी गादी), नळीखाली जादा वजन आणि अक्रोडाच्या ग्रिपवर हाताच्या मापाने चढवलेली पुटी (लाकडावर भरायचा लेप). एवढं करूनही वजन १४०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर १००० ग्रॅमच्या वर आणि ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत पिस्तूल बसतं, म्हणजे नियमाची अडचण नाही. नेम आणि ट्रिगर यांबद्दल तक्रार शून्य. जानेवारी ते ऑगस्ट डोकं खाल्लं ते गोळी सुटल्यावर मागे उरणाऱ्या रिकाम्या पुंगळ्यांनी.

‘जॅम झालं’ म्हणून सगळं एकाच पोत्यात घालण्यात चूक होते. पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथेच) राहिली तर दोष एक्स्ट्रॅक्शनचा, म्हणजे ती ओढून काढण्याचा. चेंबरमधून निघाली, पण बाहेर पडायच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी चिमटली, म्हणजे स्टोव्हपाइप, तर इजेक्शनचा, म्हणजे बाहेर फेकण्याचा. दोन्हीवर लोक पहिला उपाय करतात तो नवा एक्स्ट्रॅक्टर मागवण्याचा, आणि बहुतेकदा तो निर्दोष असतो. अशा ब्लोबॅक पिस्तुलात (बोल्टला कुलूप नसतं, तो दाबानेच मागे जातो) झाडलेल्या पुंगळीला मागे ढकलतो तो गॅसचा दाब. एक्स्ट्रॅक्टरचं खरं काम पुंगळीची रिम (बुडाची कड) आपल्या आकड्याने, म्हणजे नखाने, बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवणं, म्हणजे ती इजेक्टर या अडसरावर नीट आपटते आणि बाहेर उडते. न झाडलेली गोळी हाताने काढताना मात्र सगळा भार त्याच्या नखावर येतो.

म्हणून आधी पुंगळी वाचायची. अडकलेली प्रत्येक पुंगळी वेगळ्या डबीत, मॅगझिनचा नंबर आणि कितवी गोळी ते लिहून. साधं स्वस्त भिंग पुरतं. रिमवर नखाची खूण नसेल तर नखाने पकडच घेतलेली नाही, बहुधा खाली घाण साचलीय. रिम ओरबाडून फाटली असेल तर पकड उत्तम आहे, पुंगळीच चेंबरला चिकटून बसली होती. तोंड चेपलेलं असेल तर ती बाहेर पडताना खिडकीच्या कडेवर आदळली. आणि पुंगळीच्या अंगावर उभा, बारीक, चकाकता ओरखडा, नेमका फायरिंग पिनच्या खुणेच्या रेषेत, दिसला तर चेंबरच्या तोंडाशी बर (दबून आत आलेली धातूची कड) आलाय. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२सारख्या काडतुसात, पिन रिमवर मारते. चेंबर रिकामं असताना ती सरळ चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथला धातू आत दबतो. ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर ओढायचा सराव) कायम डमी काडतुसावर किंवा पिस्तुलाला सोय असेल तर त्या मोडमध्येच करायचं ते यासाठी.

हा बर कानशीने काढू नका. कानस धातू खाऊन टाकते आणि तिथे पुंगळीचा आधार कायमचा जातो. दबलेला धातू परत जागेवर दाबणारं चेंबर आयर्न नावाचं हत्यार मिळतं, पण ते परवानाधारक गनस्मिथच्या हातात शोभतं. ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत लेथवाले पावलापावलावर आहेत, कामही सुंदर करतात, पण पिस्तुलाचा सुटा भाग तिथे न्यायचा नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. लाकडी ग्रिप मात्र कुठल्याही सुताराकडे न्या.

चेंबरची घाण हे अडकण्याचं सर्वात मोठं कारण. .२२ची शिशाची गोळी बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेली असते. ते चेंबरमध्ये काजळीबरोबर भाजून कडक होतं. पुंगळी सरळ नळीसारखी, उतार जवळजवळ नसलेली, त्यामुळे चिकटली की साडेपंधरा मिलिमीटरची पूर्ण भिंत चिकटते. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कांस्याचा ब्रश मागच्या बाजूने घालून फिरवा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा फिरवा, मग कोरडा कपडा. चेंबरमध्ये तेल अजिबात ठेवायचं नाही. तपासणी सोपी: त्याच पिस्तुलातून झाडलेली चांगली पुंगळी बोटाच्या हलक्या दाबाने बसली पाहिजे आणि नखाने ओढली की निघाली पाहिजे. आमच्याकडे २५० ते ३०० गोळ्यांनंतर ती अडायला लागते, म्हणून साफसफाई २५०ला. हे सगळं घरी करताना जिवंत काडतूस त्या खोलीतही नको.

एक्स्ट्रॅक्टर काढताना बोल्ट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन्ही हात आत ठेवून पिन ढकला. मागची स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि उडाली की कपाटाखाली जाते. खाचेत साचलेलं काळं मेण टूथपिकने खरवडा, सुईने नाही. बसवल्यावर बोल्टच्या तोंडात रिकामी पुंगळी अडकवून हलवा. धरून राहिली पाहिजे. पडली तर स्प्रिंग थकली. आणखी एक खूण: स्टोव्हपाइप फक्त पाचव्या गोळीला येत असेल तर संशय इथेच घ्या. आधीच्या चार गोळ्यांना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस खालून आधार देतं, शेवटच्या पुंगळीला तो नसतो.

आता आमच्या बदलांचा हिशेब. बफर हा सरळ तोटा. बोल्टचा मागे जाण्याचा प्रवास त्याच्या जाडीएवढा घटतो, आणि तेलात राहून तो मऊ पडून फुगला की आणखी. बोल्ट इजेक्टरपर्यंत पोचतो, पण जोर न घेता. पुंगळी उडायच्या ऐवजी लोळते. काढला, आणि निम्मे स्टोव्हपाइप त्याच दिवशी थांबले. हलकी स्प्रिंग ठेवलीय, कारण स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे कमी वेगाच्या, गोळीला ती जुळते. पण ‘सगळ्या मॉडेलना बसते’ म्हणून विकली जाणारी स्प्रिंग घेऊ नका. आमची पहिली तशीच होती आणि पूर्ण दाबली की तिचे वेढे बोल्ट मागे टेकण्याआधी एकमेकांना भिडायचे. पुंगळी किती लांब पडते त्यावर नजर ठेवा. आमच्याकडे नेहमी उजवीकडे दीड-दोन मीटर. अंतर निम्म्यावर आलं की गोळ्यांचा लॉट, घाण किंवा स्प्रिंग, यांतलं काहीतरी बदललंय.

सर्वात फसवा निघाला तो ग्रिपचा दोष. मे महिन्यात पिस्तूल गुणी, जुलैत दर तिसऱ्या मॅगझिनला स्टोव्हपाइप. गोळ्यांचा लॉट तोच, चेंबर लखलखीत. ठाण्यात खाडीच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर लाकूड का फुगणार नाही? अंगठ्याच्या विसाव्यावरची पुटी लाकडाबरोबर सरकून बोल्टला घासत होती. रिकाम्या, सुरक्षित पिस्तुलात बोल्ट पूर्ण मागेपुढे करून पाहिला तर हाताला काही जाणवत नाही. पकड घट्ट केल्यावर जाणवतं. उपाय: पुटीवर खडू चोळा, पिस्तूल स्पर्धेतल्यासारखं घट्ट धरा, बोल्ट ओढा, आणि जिथला खडू पुसला गेला तिथे १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. व्हिजिटिंग कार्ड बोल्टच्या पूर्ण प्रवासात मधून सहज फिरलं पाहिजे. मग उघड्या लाकडावर तेलाचे दोन पातळ हात. पेटीत निळी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा आणि ती गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवा.

एका वेळी एकच बदल, आणि त्यावर एकाच लॉटच्या किमान पन्नास गोळ्या. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की कोणत्या उपायाने गुण आला ते कधीच कळत नाही.

स्पर्धेत अडकलंच, तर बोल्टला हात लावायचा नाही. नळी टार्गेटकडे, पकड तशीच, मोकळा हात वर. पुंगळी बाहेर न पडणं हे ग्राह्य मालफंक्शन (शस्त्राचा बिघाड) धरलं जातं, पण अधिकारी येण्याआधी स्वतः बोल्ट ओढला की ते ग्राह्य धरलं जाण्याचा हक्क गेला. दहा सेकंदांत पाच गोळ्यांच्या सिरीजमध्ये हात आपोआप बोल्टकडे जातो, म्हणून सरावातही दर वेळी थांबून हात वर करायची सवय लावा.

सध्या ऑगस्टअखेर मॅगझिन एक आणि दोन निर्धोक. तीन नंबरच्या मॅगझिनचा डावा ओठ (काडतूस धरून ठेवणारी वरची कड) किंचित उघडलाय. त्यावर दोनशे गोळ्यांत एखादी पुंगळी अजून उभी राहते. ओठ पक्कडीने वाकवायचा मोह टाळलाय. त्यावर लाल टेप लावलीय आणि ते फक्त सरावाला जातं.