डायलवालं बीपी मशीन, आठ महिन्यांनी: भांडण फक्त स्क्रूशी

नऊशे रुपयांत प्रॅक्टिकलपुरतं मशीन ठीकच आहे. पण गेल्या आठवड्यात अख्ख्या बॅचचं सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) कमी यायला लागलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

खोट हवा भरायच्या फुग्याजवळच्या, हवा सोडायच्या स्क्रूत. पाव फेरा फिरवा, काटा ढिम्म. आणखी केसभर फिरवा, धाडकन चाळीस खाली. हवा सेकंदाला 2 ते 3 मिमी (पाऱ्याच्या मापात) सुटायला हवी. नाडी 60 म्हणजे सेकंदाला एक ठोका. काटा सेकंदाला दहाने उतरला तर दोन ठोक्यांमध्ये 10 मिमी पळाले. स्टेथोस्कोपमधला नाडीचा पहिला आवाज उशिरा सापडतो, सिस्टोलिक कमी येतं. शेवटचे आवाज त्याच फटीत हुकतात, डायस्टोलिक (खालचा आकडा) जास्त. 118/76 चा माणूस सहज 110/82 होतो. मध्येच परत हवा भरू नका. हातात रक्त साचून आवाज मंद होतात. कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) पूर्ण रिकामा करून मिनिटभर थांबायचं.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, सुटा स्क्रू मिळत नाही, पूर्ण फुगा घ्या. तीनशे रुपये, वर कुरियर!

इथवर लिहून दोन तारे दिले होते. मग कफ बाटलीला गुंडाळून, स्क्रू बंद ठेवून 200 पर्यंत हवा भरली. मिनिटात 4 मिमीपर्यंत घट चालते, इथे 18. फुग्याकडची नळी चिमटीत दाबली तर काटा जागीच थांबला, म्हणजे ब्लॅडर (कफमधली रबरी पिशवी) आणि डायल शाबूत. स्क्रू पूर्ण काढला तर आट्यांत रबरावरची पांढरी पावडर बसलेली. कोरड्या ब्रशने साफ केला (तेल अजिबात नको, रबर फुगतं), घट 3 वर आली आणि हवाही बऱ्यापैकी सावकाश सुटू लागली. तेव्हा अर्धे शब्द मागे.

डायलला शून्यावर अडवणारी पिन नाही, हे आधी स्वस्तातलं काम वाटलं होतं. उलट बरंच आहे: काटा सरकला तर दिसतो, पिन असती तर चूक तिच्याआड लपली असती.

कफचं ब्लॅडर 12×23 सेंमी. रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के, लांबी 80 टक्के धरा, म्हणजे 29 सेंमीच्या पुढच्या दंडाला तोकडं; तिथे बीपी खोटंच जास्त येणार.

चार तारे. फुगा घेतला नाही, ते तीनशे मोठ्या कफच्या खात्यात.