मोटार-होमच्या चाकांना रबरी व्हॉल्व्ह बसवावा की धातूचा?

इंदुरातून सुटीत कोकणाकडे निघायचे म्हणजे सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरणे आले, आणि संसार बांधून निघालेल्या मोटार-होमला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीला, तो उतार रिकाम्या गाडीसारखा हलका जात नाही. दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरली तरी तेवढ्यानेच दीडशे किलो वजन वाढते. अशा गाडीच्या चाकातली हवा हळूहळू उतरू लागली की आपण टायरमध्ये खिळा शोधतो, परंतु गळती पुष्कळदा व्हॉल्व्हपाशीच असते. म्हणून ट्यूबलेस टायर बदलताना व्हॉल्व्हचा निर्णयही त्याच वेळी घ्यावा.

रबरी व्हॉल्व्ह स्वस्त असतो, कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतो आणि रिमच्या भोकात ओढून बसवला की काम होते. मात्र मोटारींचा नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठीच बनवलेला असतो. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याच्या बुडाशी बारीक चिरा पडतात, ज्या व्हॉल्व्ह बोटाने वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. त्यावर दाब दाखवणारा सेन्सर टोपीसारखा बसवला, तर चाक फिरताना त्या वजनाने रबर सतत वाकते आणि चिरा लवकर वाढतात.

धातूचा व्हॉल्व्ह नट आणि रबरी वॉशर यांनी रिमला आवळलेला असल्यामुळे तो वाकत नाही, अधिक दाब सहन करतो आणि सेन्सरचा भार पेलतो. तो महाग आहे, आणि निष्काळजीपणे बसवला तर गळतोही. रिमचे भोक ११.५ मिलिमीटरचे आहे की सुमारे १६ मिलिमीटरचे, हे पाहूनच तो घ्यावा लागतो. वॉशर काही वर्षांनी कडक होतो, तेव्हा टायर बदलताना तोही नवा घालावा. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये हवा अडवणारी आतली पिन साधी पितळी घातल्यास ती गंजून अडकते. तिथे निकेलचा मुलामा असलेली पिन हवी.

मागे जोडचाके, म्हणजे प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन चाके असतील, तर निवड अधिक जपून करावी, कारण आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही आणि सोयीसाठी लवचिक नळी जोडून दिली जाते. ही नळी मूळ पिन कायम दाबून ठेवते, त्यामुळे तिचा प्रत्येक सांधा टायरच्या पूर्ण दाबाखाली राहतो. आमच्या गाडीची नळी अशाच एका सांध्यातून गळत होती. बाहेरचे चाक भरलेले दिसत असल्यामुळे आतल्या चाकातली हवा गेल्याचे आम्हाला धुळ्यापर्यंत कळले नाही, आणि तोवर बाहेरच्या टायरने दोघांचा भार वाहिला होता. पोळण्याइतका तापलेला तो टायर मला अजून आठवतो. त्यानंतर आम्ही नळ्या काढून रिमच्या आकाराप्रमाणे वळवलेले अखंड धातूचे लांब व्हॉल्व्ह बसवले.

एकेरी चाके, ६५ पीएसआयच्या आतला दाब आणि बाहेरचा सेन्सर नाही, अशा गाडीला रबरी व्हॉल्व्ह पुरेसा आहे; फक्त प्रत्येक नव्या टायरबरोबर तो नवा घ्यावा. दाब अधिक असेल, सेन्सर लावायचा असेल किंवा मागे जोडचाके असतील, तर माझ्या मते धातूच्या व्हॉल्व्हवरचा खर्च टाळू नये. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला, तरी गळका व्हॉल्व्ह सुधारत नाही. टोपी मात्र दोन्ही प्रकारांत आतून रबरी वॉशर असलेलीच घ्यावी, आणि निघण्यापूर्वी स्टेपनीच्या व्हॉल्व्हलाही साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.